जेसीबी घ्यायचा की भाड्यानं लावायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं नगरपालिकेच्या गाड्या आणि मशिनरीच्या खरेदीवरच आहेत. निवडणुका झाल्यात, नवीन मंडळी सभागृहात गेलीत, पहिल्याच काही सभांमध्ये खरेदीचे ठराव यायला लागलेत, त्यामुळे असेल. त्यातली पाच पत्रं घेतलीत. कुठल्या गावच्या पालिकेबद्दल आहेत ते मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण हे सगळीकडे थोड्याफार फरकानं असंच चालतं.

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेच्या सभेपुढे नवीन जेसीबी घ्यायचा ठराव येतोय. भाड्यात लाखो रुपये जातात, त्यापेक्षा स्वतःचा घ्या, असं सगळे म्हणतात. मला यातलं फारसं कळत नाही आणि काही विचारलं की बाकीचे हसतात. मी नेमकं काय बघू?
– एक नगरसेविका, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, हसू द्या त्यांना. तुम्ही एकच आकडा मागा, मागच्या दोन वर्षांत भाड्याचा जेसीबी एकूण किती तास चालला. रुपये नंतर, आधी तास. बिलं अकाउंटला असतात, तास बांधकाम नाहीतर आरोग्य विभागाच्या लॉगबुकात असतात, आणि हे दोन्ही एका टेबलावर आणायचं म्हटलं की बऱ्याच ठिकाणी पळापळ सुरू होते, तेवढ्यावरूनच तुम्हाला निम्मं कळेल.

आता हिशोब बघा, आकडे ढोबळ धरलेत, तुमच्या गावचे रेट घालून परत करा. समजा मशीन ३५ लाखांना पडलं आणि १० वर्षं चालवायचं ठरवलं, म्हणजे वर्षाला साडेतीन लाख तिथेच गेले. ऑपरेटर कंत्राटी धरला तरी वर्षाचे ३ लाख. सर्व्हिसिंग, टायर, हायड्रॉलिकचे पाईप, बकेटचे दात, पिना-बुशा मिळून अडीच लाख, इन्शुरन्स आणि किरकोळ धरून अजून पन्नास हजार. झाले साडेनऊ लाख, आणि यात डिझेलचा एक थेंब नाही. भाड्याचा रेट डिझेल आणि ऑपरेटरसकट तासाला १,२०० धरला आणि त्यातनं डिझेलचे साडेचारशे-पाचशे वजा केले तर स्वतःच्या मशीनवर तासाला सातशे-साडेसातशे वाचतात. साडेनऊ लाख भरून निघायला वर्षाला १,३०० तासांच्या आसपास काम पाहिजे. वर्षाचे ३०० दिवस धरले तर रोज सव्वाचार तास मशीन खरंच खोदत किंवा भरत असलं पाहिजे, नुसतं चालू करून उभं नव्हे.

तुमच्या गावात तेवढं काम असेल तर घ्या, बिनधास्त घ्या. कचरा डेपोवर रोज ढीग सरकवायचा असतो तिथे हे तास सहज भरतात. पण डेपोचं काम आधीच ठेकेदाराकडे दिलेलं असेल आणि जेसीबी फक्त नालेसफाई आणि पाईपलाईन फुटली की लागत असेल तर चारशे-पाचशे तासांच्या वर जाणं अवघड आहे, मग तो आठ महिने पाण्याच्या टाकीखाली उभा राहणार आणि त्याची बॅटरी कोणीतरी काढून नेणार.

एक गोष्ट मात्र घ्यायच्या बाजूची आहे, आणि ती तासांच्या हिशोबात बसत नाही. पूर आला, दरड आली की भाड्याचं मशीन जास्त पैसे देईल त्याच्याकडे जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या लोकांनी हे बघितलंय. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाला खाजगी मशीन ताब्यात घेता येतं, पण रात्री दोन वाजता तो कागद निघेपर्यंत आपलं मशीन दारात असलेलं बरं. म्हणून नदीकाठच्या गावानं तास कमी भरले तरी एक मशीन घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही, फक्त ठरावात तसं स्पष्ट लिहा, "भाडं वाचतं" असं खोटं कारण देऊ नका.

आणि हो, खरेदी झाली नाही तरी एक काम कराच. भाड्याच्या मशीनचं बिल पास करताना अवरमीटरचं (मशीन किती तास चाललं ते मोजणारं मीटर) सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग फोटोसकट लावायला सांगा. एवढ्यानं काही गावांत बिलं आपोआप खाली येतात, का ते मी सांगायला नको.

प्रश्न: माझं ट्रकच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. पालिकेच्या टिपर आणि कचरा गाड्यांच्या टेंडरमध्ये स्पेसिफिकेशनच अशी लिहितात की एकच कंपनी बसते. तक्रार केली तर पुढच्या कामाला दारात उभं करत नाहीत. काय करावं?
– एक उद्योजक, सांगली

उत्तर: तुमचं म्हणणं खोटं नाही, पण सगळीकडे डाव असतो असंही नाही. बऱ्याचदा बिचाऱ्या ज्युनिअर इंजिनिअरला गाडीतलं काही माहीत नसतं, तो सिव्हिलचा असतो, मग जो डीलर आधी येऊन गेला त्याचं ब्रोशर तो तसंच्या तसं टाईप करतो. ओळखायची खूण सोपी आहे. "खोदाई किमान साडेचार मीटर" असं लिहिलं तर जेसीबी, टाटा हिताची, केस, महिंद्रा, बुल असे बरेच जण येऊ शकतात, पण तेच मिलिमीटरपर्यंत अचूक आणि "किमान" हा शब्दच गायब, की समजायचं ब्रोशर समोर ठेवून लिहिलंय. टिपरला पण तेच, इंजिनची सीसी, व्हीलबेस, डिझेलच्या टाकीचे लिटर असं सगळं एका आकड्यावर बांधलेलं असतं, खरं तर पालिकेला मतलब असतो किती घनमीटर माल बसतो, किती सेकंदात उलटतो आणि गल्लीत वळतो का याच्याशी.

तक्रार नका करू, प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या शंका विचारायच्या बैठकीला जा, आणि जायच्या आधी लेखी प्रश्न पाठवा. भाषा नम्र ठेवा, "अमुक अट किमान अशी केल्यास जास्त स्पर्धा होऊन पालिकेचा फायदा होईल". लेखी प्रश्न आला की लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते फाईलला लागतं, उद्या ऑडिटवाला तीच फाईल उघडतो हे अधिकाऱ्याला माहीत असतं, म्हणून बऱ्याचदा गपचूप शुद्धिपत्रक निघतं. मीटिंगची तारीख उलटल्यावर आरडाओरडा करून काही होत नाही.

बाकी तुमच्या बाजूचे कागद पक्के ठेवा. बॉडीला टेस्टिंग एजन्सीची मान्यता लागते, आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, ती नसेल तर आरटीओ पासिंगला गाडी अडते आणि मग दोष तुमच्यावर. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लघु उत्पादकाला बयाणा रकमेतनं, म्हणजे टेंडरबरोबर भरायच्या अनामतीतनं, सूट मिळते, पण तुम्ही स्वतः बनवत असाल तरच, दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला नाही.

प्रश्न: मी पालिकेत ड्रायव्हर आहे. आमचा पाण्याचा टँकर २००८ चा, इंजिन एकदम ओके, तरी भंगारात काढला आणि नवीन आणलेली गाडी सारखी बंद पडते. हा कुठला न्याय?
– एक चालक, नाशिक जिल्हा

उत्तर: दादा, टँकरचं दुःख समजतं, पण तो निर्णय तुमच्या साहेबांचा नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे वाढत नाही, त्यात राज्य सरकार, महापालिका, पंचायती, एसटी सगळं आलं, आणि गाडी मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी लागते. खाजगी गाडी मालक फिटनेस काढून पुढे चालवू शकतो, सरकारीला ती सोय नाही.

नवीन गाडी बंद पडते त्यात माझा पहिला संशय अ‍ॅडब्लूवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम आला, तेव्हापासून मोठ्या टिपर-टँकरना डिझेलबरोबर हे वेगळं पाणी लागतं, ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. ते संपलं किंवा कोणी हुशारीनं साधं पाणी ओतलं की इंजिनची ताकद कमी होते आणि गाडी रडत चालते. ड्रायव्हर कधीचा ओरडतो, पण स्टोअरवाला म्हणतो कुठल्या हेडमधून (खर्चाच्या खात्यातून) घेऊ, डिझेलचं हेड आहे, अ‍ॅडब्लूचं नाही! तुम्ही लॉगबुकात रोजच्या रोज अ‍ॅडब्लूची लेव्हल लिहायला लागा, तोंडी सांगू नका.

प्रश्न: आमच्या गावात सेप्टिक टँक उपसायची पालिकेची एकच गाडी आहे, मोठी. जुन्या गावठाणात ती शिरत नाही, मग माणूस उतरवतात. नवीन गाडी घेताना काय मागणी करावी?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर: माणूस उतरवणं आधी बंद करा, गाडी येईल तेव्हा येईल. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख रुपये केली. मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देताना हे दोन्ही लिहा, "माणुसकी" वगैरेपेक्षा ते लवकर वाचलं जातं.

गाडीबद्दल. टेंडर काढणाऱ्यांना मोठ्या टाकीचं फार आकर्षण, कारण कागदावर लिटर जास्त दिसतात. तुम्ही उलटीकडनं सुरू करा, गावठाणातली सगळ्यात अरुंद गल्ली टेपनं मोजा, तिथून पाईप किती लांब न्यावा लागतो ते बघा, आणि त्यावरून छोटी गाडी आणि जास्त लांबीचा पाईप मागा. पाईप लांबला आणि टाकी खोल असली की व्हॅक्युम पंपाचा दम लागतो, म्हणून पंपाची ताकद टाकीच्या साईजपेक्षा महत्त्वाची. दुसरं, सक्शन आणि जेटिंग यात घोळ करू नका. सक्शन ओढून घेतं, जेटिंग दाबानं पाणी मारून तुंबलेली लाईन मोकळी करतं. तुमच्याकडे भुयारी गटारच नसेल तर जेटिंगवर पैसे घालायचं कारण नाही. आणि उपसलेला मैला कुठे सोडणार ते ठरावातच लिहून घ्या, नाहीतर नवी गाडी रात्री ओढ्यावर रिकामी होते.

अजून एक रस्ता आहे, गाडीच न घेण्याचा. वाई आणि सिन्नरनं घरं पाळीनं घेऊन ठरावीक वर्षांनी प्रत्येक सेप्टिक टँक उपसायची पद्धत आणली, गाड्या आणि माणसं ठेकेदाराची, पालिका कामाप्रमाणे पैसे देते, लोकांना दरवेळी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना एकदा वाईला जाऊन यायला सांगा, खरेदी समितीच्या दौऱ्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

प्रश्न: आमच्याकडे नव्या घंटागाड्या पाच महिने क्रीडांगणावर ओळीनं उभ्या आहेत, नारळसुद्धा फुटला. मग चालत का नाहीत? आणि सामान्य माणसानं काय विचारावं?
– एक निवृत्त शिक्षक, विदर्भ

उत्तर: सर, गाड्या योजनेच्या पैशातनं येतात, ड्रायव्हर आणि डिझेल मात्र पालिकेच्या स्वतःच्या खिशातनं, आणि तो खिसा रिकामा असतो. थोडक्यात छोटा हत्ती घेतला, माहूत घ्यायचा राहिला. ड्रायव्हर पुरवायचं टेंडर गाड्यांच्या टेंडरबरोबर निघायला हवं, ते गाड्या आल्यावर निघतं, मग त्याला मुदतवाढ, मग फेरनिविदा. त्यात पासिंग आणि नंबरप्लेट. तोवर टायर उन्हात तडकतात, बॅटऱ्या उतरतात, आणि वॉरंटी गाडी ताब्यात घेतली त्या दिवसापासून पळत असते, त्यामुळे पहिला बिघाड होईपर्यंत निम्मी संपलेली. करारात "वॉरंटी गाडी प्रत्यक्ष कामाला लागल्यापासून" अशी ओळ घालता येते, कोणी घालत नाही. जड वाहनाचा ड्रायव्हर मिळत नाही अशी सबब कोणी सांगितली तर ऐकू नका, ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला हे परत स्पष्ट केलंय, आणि छोट्या घंटागाड्या त्याच्या खूप आत येतात.

विचारायचं माहिती अधिकारात. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "गाड्या का चालत नाहीत" असं विचारू नका, "का" ला उत्तर मिळत नाही, कागद मागा. असं लिहा: घंटागाड्यांच्या पुरवठा आदेशाची प्रत, प्रत्येक गाडी ताब्यात घेतल्याची तारीख, आरटीओ नोंदणीची तारीख, चालक पुरवण्याच्या निविदेची सद्यस्थिती दाखवणारी कागदपत्रं, ठेकेदाराला आजवर दिलेल्या बिलांच्या प्रती, आणि प्रत्येक गाडीच्या लॉगबुकाच्या आजपर्यंतच्या सर्व पानांच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील टाका, आणि लॉगबुकाची पानं कोरी आली तर ती तशीच आमच्याकडे पाठवा.