मृत्यूचा दाखला: गाव खानापूरचे, मृत्यू कोल्हापुरात

मृत्यू दाखल्याबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून फक्त गाव ठेवले आहे.

प्रश्न: आमचे वडील कोल्हापूरच्या दवाखान्यात वारले. अंत्यसंस्कार गावीच केला. आता ग्रामपंचायत म्हणते, 'आमच्याकडे नोंद होत नाही.' रेशन कार्ड, मतदान सगळे इथलेच आहे. मग गावात नोंद का होत नाही? (खानापूर तालुका, कर्नाटकातला बेळगाव जिल्हा)

ग्रामपंचायतीचे बरोबर आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू ज्या हद्दीत झाला, त्याच हद्दीच्या निबंधकाकडे नोंद होते. घर कुठे, मतदान कुठे, माती कुठे दिली, याचा संबंध नाही. वडिलांची नोंद कोल्हापूर महापालिकेत होईल. दवाखान्यातला मृत्यू निबंधकाला कळवण्याची जबाबदारी मुळात दवाखान्याचीच असते, त्यामुळे बहुतेक वेळा नोंद झालेलीच असते, फक्त दाखला कुणी आणलेला नसतो. आधी दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात विचारा, कोणत्या तारखेला कळवले ते टिपून घ्या आणि मग महापालिकेत जा.

हा दाखला महाराष्ट्राचा म्हणून कर्नाटकात अडत नाही. कायदा केंद्राचा आहे. शिवाय नोंदणीच्या फॉर्ममध्ये, म्हणजे नमुना 2 मध्ये, मृत्यूचे ठिकाण आणि मृताचा कायमचा पत्ता असे वेगळे रकाने असतात. पत्त्यात खानापूरचे गाव नीट लिहिले असेल तर दाखल्यावरही ते येते आणि पुढे वारसा लावताना उपयोगी पडते. अ‍ॅडमिट करताना घाईत नातेवाइकाचा कोल्हापूरचा पत्ता दिला जातो आणि तोच दाखल्यावर छापून येतो. सीमाभागात ही चूक फार होते.

उलट बाजूही सांगून ठेवतो. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बेळगावच्या दवाखान्यात वारला तर नोंद बेळगावात, दाखला कन्नड-इंग्रजीत. आणि बेळगाव म्हटले की महापालिकाच, असे धरू नका. कॅम्प भागातला मृत्यू असेल तर नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असते. महापालिकेच्या खिडकीवर 'नाव सापडत नाही' असे उत्तर आले की पहिली शंका हीच घ्यावी.

दोन्हीकडे नोंद करायचा मोह टाळा. एकाच माणसाचे दोन नोंदणी क्रमांक, क्वचित दोन तारखा झाल्या की विम्याचा दावा आणि जमिनीचा वारसा दोन्ही लटकतात. शिवाय जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा या कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न: गोव्याच्या दवाखान्यातून सासूबाईंना घरी आणताना घाटातच प्राण गेला. गाडी थेट घरी आणली. मृत्यू घरी झाला असे लिहून दिले तर चालेल काय? (बेळगाव तालुका)

नको. धावत्या गाडीतला मृत्यू गाडी त्यानंतर पहिल्यांदा जिथे थांबते तिथे कळवायचा, आणि कळवण्याचे काम गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याचे, असा नियम आहे. गाडी कुठेही न थांबता तुमच्या दारात आली असेल तर नोंद तुमच्या गावीच होईल, पण खरी हकीकत लिहून. रुग्णवाहिकेच्या फेरीचा कागद, गाडी नंबर आणि दवाखान्यातून निघाल्याची वेळ असलेला डिस्चार्ज कागद जोडा. 'घरी, रात्री 9 वाजता' असे लिहिले आणि रुग्णवाहिकेच्या कागदावर दुसरीच वेळ असली, तर विमा कंपनी नेमके तिथेच बोट ठेवते.

प्रश्न: वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग आधारपेक्षा वेगळे आले. बँक पैसे देत नाही. (निपाणी)

हे आपल्या भागाचे खास दुखणे. मराठीत आपण ज्ञ चा उच्चार 'द्न्य' करतो, म्हणून आधारवर नाव डी-एन-वाय-ए असे सुरू होते. कन्नडमध्ये त्याच अक्षराचा उच्चार वेगळा आहे. नाव कन्नडमध्ये भरून त्यावरून इंग्रजी केले की जे-एन-ए होते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण बँकेचा संगणक फक्त अक्षरे जुळवतो. यल्लाप्पाचेही तसेच, एका कागदावर सुरुवात वाय ने, दुसऱ्यावर ई ने. परशराम आणि परशुराम, नुसते लक्ष्मण आणि लक्ष्मणराव, बायकांचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, ही पुढची ठिकाणे.

दुरुस्ती कायद्याच्या कलम 15 खाली होते आणि ज्याने नोंद केली त्याच निबंधकाकडे होते. लेखी अर्ज, मिळालेला दाखला, मृताचे आधार, बँक पासबुक, असल्यास शाळा सोडल्याचा दाखला जोडा. चूक लेखनिकाची असेल तर काम लवकर होते. चूक मजकुराचीच असेल, म्हणजे वडिलांचे नाव किंवा तारीखच वेगळी पडली असेल, तर माहीतगार अशा दोन विश्वासू व्यक्तींचे लेखी निवेदन लागते. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो, मग नवा दाखला निघतो. 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र करून एका बँकेत वेळ निभावेल, पण पुढच्या कचेरीत तोच प्रश्न पुन्हा उभा राहील. दाखलाच दुरुस्त करा.

ज्यांची नोंद अजून व्हायची आहे त्यांनी नमुना 2 वर इंग्रजी नाव आधारवरून पाहून मोठ्या अक्षरांत लिहावे, आधारची झेरॉक्स टाचावी आणि डिजिटल सही होण्याआधी संगणकावर भरलेले नाव दाखवायला सांगावे. कन्नड ओळही तपासा. वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराकडून एकेक अक्षर वाचून घ्या. 'बरोबर आहे काय?' असे विचारू नका, 'काय लिहिले आहे ते वाच' असे सांगा.

प्रश्न: आई घरीच गेली. तेरावे झाले. आता किती दिवस आहेत, आणि काय काय न्यावे? (खानापूर तालुका)

मुदत मृत्यूपासून 21 दिवस. सुतकात कुणी कचेरीची पायरी चढत नाही, त्यामुळे तेरावे होईपर्यंत हातात जेमतेम आठ दिवस उरतात. त्यात एक रविवार येतोच.

उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्या. घरच्या मृत्यूसाठी ते नमुना 4अ वर असते. शहरात स्मशानाची पावती मिळते. खेड्यात पावतीची पद्धत नसते, तिथे शेजाऱ्यांचे जबाब किंवा पंचनामा कामी येतो. आईचे आणि माहिती देणाऱ्याचे आधार, रेशन कार्ड न्या. खेड्यात हे काम वर्षानुवर्षे ग्राम लेखापालाकडे, आपल्या बोलीत तलाठ्याकडे, होते. जुलै 2024 पासून ग्रामपंचायतीकडेही आले आहे, म्हणून आधी पंचायतीत विचारा. मुदतीत माहिती दिली तर पहिला दाखला फुकट मिळतो.

21 नंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून तिथेच नोंद होते. 30 दिवसांनंतर वर्षाच्या आत वरिष्ठ नोंदणी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावे लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला. अजून कुणी कोर्टाचाच रस्ता दाखवत असेल तर आधी प्रांत कचेरीत चौकशी करा. निपाणीकरांना त्यासाठी चिक्कोडी.

प्रश्न: आजोबा 1952 च्या सुमारास वारले. उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. दाखला कुठून आणायचा? (बेळगाव तालुका)

1952 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळची गावची जन्म-मरण नोंदवही तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधावी लागते. अर्जात गाव द्या आणि एकच साल न देता 1950 ते 1954 असा पट्टा द्या. घरात सांगितलेले साल दोन-तीन वर्षांनी हुकतेच.

शोधताना आडनावाच्या मागे लागू नका. जुन्या वहीत आडनाव बऱ्याचदा नसते. 'यल्लाप्पा बिन परशराम' असे लिहिलेले असते, म्हणजे परशरामाचा मुलगा यल्लाप्पा. बाईचे नाव 'कोम' लावून, म्हणजे अमक्याची बायको. आणखी मागे गेलात तर मोडी लिपी लागते, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. पान सापडले नाही तर 'नोंद उपलब्ध नाही' असा नमुना 10 मागून घ्या, कारण पुढचा विलंबाचा अर्ज त्यावर उभा राहतो. जोडीला जमिनीचे जुने फेरफार काढा. त्यात 'खातेदार मयत' असा शेरा तारखेसह मिळाला तर तो तोंडी साक्षीपेक्षा भारी पुरावा. वारसांसाठी वंशवृक्ष नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून, वेगळा काढावा लागतो. मयताच्या जागी वारसांची नावे लावणे, ज्याला आपण फौती म्हणतो, ती कन्नड कागदावर 'पौती खाते' म्हणून दिसेल. घाबरू नका, गोष्ट एकच.

प्रश्न: विमा कंपनी मृत्यूचे कारण मागते. दाखल्यावर ते लिहून मिळेल काय? (चिक्कोडी)

मिळणार नाही. मृत्यूचे कारण दाखल्यात उघड करू नये, असे कायद्यातच आहे. कारण असते डॉक्टरच्या नमुना 4 किंवा 4अ प्रमाणपत्रात. त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला फुकट द्यायची असते, ती मागून घ्या. अपघात, विषबाधा अशा मृत्यूत पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. तो यायला महिने लागले तरी मृत्यूची नोंद त्यासाठी थांबवायची नाही, 21 दिवस तिथेही मोजले जातात.

प्रश्न: ऑनलाइन काढलेल्या दाखल्यावर गोल शिक्का नाही. बँक घेत नाही. (निपाणी)

कर्नाटकातला दाखला ई-जन्म या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीतून डिजिटल सहीने निघतो. शाईची सही आणि शिक्का लागत नाही. कागदावरचा क्यूआर कोड बँकेच्या माणसासमोरच मोबाइलने स्कॅन करून नोंद दाखवा. तरीही नकार आला तर तो लेखी मागा. साधी झेरॉक्स मात्र देऊ नका, तिच्यात कोड पुसट होतो आणि स्कॅन होत नाही. पुन्हा प्रिंट काढा.