कफ पातळ झाला, पण निघाला का?

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. हृदय उजवीकडे, कान सारखा वाहतो, ओला खोकला जन्मापासून. बेळगावला तपासल्यावर ‘प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया’ निघाला. कफ पातळ करणारं अँब्रॉक्सॉलचं सिरप देतो, तरी छाती घरघरते. कोणी डॉर्नेजची वाफ द्या म्हणतं, कोणी मिठाच्या पाण्याची. काय द्यावं?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ घशाकडे ढकलत असतात. या आजारात ते जन्मतःच हलत नाहीत किंवा वेडेवाकडे हलतात. त्यांना चालतं करणारं औषध आज दवाखान्यात मिळत नाही. म्हणून सिरपने कफ सैल झाला तरी तिथेच साचतो. तो निघतो खोकल्याने आणि छातीच्या व्यायामाने. घरोघरी सिरप वेळेवर दिलं जातं, व्यायाम मात्र राहून जातो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

डॉर्नेज नको. ते पुवातला डीएनए तोडतं आणि सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (कफ फार घट्ट होणारा वेगळा जन्मजात आजार) उपयोगी पडतं. पण तो आजार नसताना श्वासनलिका रुंदावलेल्या प्रौढांना ते दिलं, तेव्हा १९९८ च्या चाचणीत त्रास उलट वाढला.

मिठाचं पाणी म्हणजे नेब्युलायझरने (औषधाचे बारीक तुषार करणारं मशीन) द्यायचं ३ किंवा ७ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन. घरी मीठ विरघळवून करू नका. याने श्वासनलिका आवळू शकते, म्हणून पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्या. १०-१५ मिनिटं आधी श्वासनलिका मोकळी करणारं साल्ब्युटामॉल, मग सलाइन, लगेच व्यायाम. वाफेतून अँटिबायोटिक असेल तर ते सर्वांत शेवटी, नाहीतर कफावरच बसून राहतं.

व्यायाम जेवणाआधी, सकाळ-संध्याकाळ. खोल श्वास, २-३ सेकंद रोखायचा, मग आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडून ‘हाऽऽ’. असं दोन-तीनदा, थोडा निवांत श्वास, मग खोकून थुंकायचं. गिळू देऊ नका. फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर बसून शिकून घ्या.

सिरपच्या बाटलीवरची नावं वाचा. डेक्स्ट्रोमिथॉर्फन किंवा कोडीन असेल तर ते खोकलाच दाबतं. क्लोरफेनिरामिन हे सर्दी-अ‍ॅलर्जीचं औषध कफ सुकवतं. दोन्ही नकोत.

नेब्युलायझरचा कप दरवेळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. मशीनच्या पुस्तिकेत चालतं लिहिलं असेल तर रोज ५ मिनिटं उकळा. खानापूरच्या पावसाळ्यात तो दोन दिवस ओलाच राहतो आणि त्यात जंतू वाढतात; झटकून स्वच्छ कपड्यावर ठेवा, नळीत मशीनची नुसती हवा सोडा. चूल पेटलेल्या खोलीत वाफ देऊ नका.

थुंकी हिरवी-पिवळी, जास्त किंवा घट्ट झाली, ताप आला, तर सिरपचा डोस वाढवू नका. थुंकी कल्चरला (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) द्या, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.