दालमिलच्या डॅशबोर्डवर नेमकं काय ठेवावं?

जळगावात दालमिल आहे, हिशेब टॅलीत आहे, मग रोज एका नजरेत काय पाहावं, हा तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत: सगळ्यात वर उतारा लावा. शंभर किलो तुरीमागे डाळ किती, चुनी (डाळीचा चुरा) किती, भुसा किती, तूट किती. रेषेचा आलेख काढा, पण लॉटनिहाय. ओलसर आणि वाळलेल्या मालाची सरासरी एकत्र केली की खरी गळती झाकली जाते. उतारा ७२ टक्क्यांवरून ७० वर आला, तर दहा टन तुरीमागे दोन क्विंटल डाळ गेली. ही घसरण महिनाअखेरच्या ताळेबंदात शोधून सापडत नाही.

विक्री रुपयांत नको, क्विंटलमध्ये दाखवा. भाव चढला की रुपये आपोआप फुगतात, धंदा वाढलेला नसतो.

उधारी किती दिवस थकली त्याचे ३०, ६०, ९० दिवसांचे पट्टे ठेवा, नव्वदीपुढचा लाल.

साधनाचं म्हणाल तर गूगल शीटला लूकर स्टुडिओ (गूगलचं आलेख दाखवणारं साधन) जोडलं तरी पुरतं, पॉवर बीआयची (मायक्रोसॉफ्टचं तसंच साधन) घाई नको. फक्त वजनकाट्याच्या पावत्या रोज संध्याकाळी शीटमध्ये कोण चढवणार, तो माणूस आधी ठरवा.