एका सापळ्यात दोन गोळ्या का चालत नाहीत?

प्रश्न: आमच्या सोयाबीनच्या कडेने तूर आहे. जास्त पतंग सापडावेत म्हणून एकाच कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) घाटेअळीची आणि तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीची, अशा दोन्ही गंधाच्या गोळ्या लावल्या. पतंग उलट कमी झाले. असे का?
– एक शेतकरी, निपाणी तालुका

उत्तर: नर नुसत्या वासाच्या जोरावर येत नाही, कोणते रेणू, कोणत्या प्रमाणात, हे तो ओळखतो. घाटेअळीच्या मादीच्या गंधात 16 कार्बनांची दोन अल्डिहाइडे मुख्य असतात, साधारण 97 ला 3 या प्रमाणात. दोन्हींत फरक एवढाच, की दुहेरी बंध एकात अकराव्या कार्बनवर, दुसऱ्यात नवव्यावर. तंबाखूच्या अळीची मादी 14 कार्बनांची अ‍ॅसिटेटे सोडते.

हे रेणू तेलकट असतात. नराच्या मिशांवरच्या केसांना सूक्ष्म छिद्रे असतात, पण आतला द्रव पाणीदार, म्हणून रेणू पुढे न्यायला वाहक प्रथिन लागते. सुमारे 140 अमिनो आम्लांची ही साखळी गंधकाच्या तीन बंधांनी आवळलेली असते आणि तिच्या मधल्या खळग्यात रेणू बसतो. पुढची पायरी रेशीमकिड्यात बारकाईने तपासली गेली आहे, आणि ती खरोखर विलक्षण आहे: चेतापेशीच्या पडद्याजवळ आम्लता वाढते, तशी प्रथिनाची शेपटीच वळून खळग्यात शिरते आणि रेणूला बाहेर काढते. मग रेणू ओळखणारे ग्राही प्रथिन आणि त्याचे जोडीदार ‘ऑर्को’ मिळून पडद्यातला मार्ग उघडतात, आयन आत शिरतात, संदेश मेंदूकडे जातो. वापरलेला रेणू विकरे (एन्झाइम) लगेच मोडतात, म्हणून नराला गंधाची पुढची लाट वेगळी कळते.

आता तुमची अडचण. मिशांवर परक्या जातींचे रेणू टिपणाऱ्या पेशीही असतात. त्या चेतल्या की नर वाऱ्यावर पुढे येणे सोडतो. म्हणून एका सापळ्यात एकच गोळी, दोन सापळ्यांत 40-50 मीटर अंतर, आणि प्रत्येक गोळीसाठी वेगळा हातमोजा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवा, पीक वाढेल तसा वर सरकवा. अल्डिहाइड उन्हात-हवेत आम्लात बदलते, म्हणून गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदला; न फोडलेली पाकिटे फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या पावसात सापळ्याच्या पिशवीत पाणी साचते, तिच्या तळाला बारीक भोक पाडा.

पाकिटावर नुसते ‘स्पोडोप्टेरा’ असेल तर घेऊ नका. सोयाबीनला ‘लिटुरा’, म्हणजे तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीची गोळी हवी; ‘फ्रुजिपर्डा’ ही मक्यावरच्या लष्करी अळीची गोळी, तिचे मिश्रण वेगळे.

प्रश्न: नर पकडले तर फवारणी टळेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: एकरी 2 सापळ्यांनी नाही. ते मोजणीसाठी असतात. उरलेला एक नर अनेक माद्यांशी जुगतो, आणि शेजारच्या शिवारातून जुगलेल्या माद्या येतच राहतात. तुरीत रोज सापळ्यामागे 8-10 पतंग सलग दोन-तीन दिवस सापडले, तर लगेच शेंडे, कळ्या आणि शेंगा तपासून अंडी-अळ्या पाहा. फवारणीचा निर्णय त्यावर घ्या. वांग्यातल्या शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मात्र जास्त सापळे लावून नर पकडणे उपयोगी पडते, पण सुकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट केले तरच.