सही कुणाची?

परवा रात्री तुझा मेसेज वाचला. गुडघ्याचं लिगामेंट, तोंडावर आलेली कबड्डीची निवड, आणि जिममधल्या कुणीतरी हातात ठेवलेली पांढऱ्या पावडरीची कुपी, बीपीसी-१५७. म्हणजे दुखापत लवकर भरावी म्हणून टोचून घेतात ते पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटी साखळी. ‘काकू, वर फक्त संशोधनासाठी असं लिहिलंय, म्हणजे कायदेशीरच ना?’

अरे, ते वाक्य तुझ्यासाठी नाहीच. विकणाऱ्याने ते स्वतःला वाचवायला चिकटवलंय. प्रयोगशाळेला रसायन विकणं वेगळं. प्रिन्सेस स्ट्रीटवर वर्षानुवर्षं ते चालतं आणि त्यात गैर काही नाही. पण माणसाच्या दुखण्यावर टोचायला दिलं की १९४० च्या औषध कायद्याने ते औषध ठरतं. परवान्याशिवाय औषध विकणाऱ्याला कायद्यात किमान ३ वर्षांची कैद सांगितली आहे. म्हणून तर जिममधला तो दादा बिल देत नाही. सगळा कारभार व्हॉट्सॲपवर.

तू विचारशील, पेप्टाइड इतकं वाईट असतं का? मुळीच नाही. इन्सुलिन हेही पेप्टाइडच, ५१ अमिनो आम्लांचं. १९२२ पासून माणसांना जगवतंय, मी स्वतः रोज टोचून घेते. पण माझ्या इन्सुलिनच्या खोक्यावर कंपनीचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, सगळं छापलेलं असतं. उद्या मला काही झालं तर कुणाला धरायचं ते ठरलेलं आहे. तुझ्या कुपीमागे सही कुणाची?

तू पाठवलेला ‘९९ टक्के शुद्ध’ असा रिपोर्ट पाहिला. एचपीएलसीचा आहे, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा. औषधं तपासायच्या नोकरीत मी जन्मभर असले आलेख वाचले. त्यातून पावडरीत इतर रसायनं किती मिसळली आहेत ते कळतं. ती निर्जंतुक आहे का, हे नाही कळत. मेलेल्या जिवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन हे विष आहे का, हेही नाही. ते रक्तात गेलं की हुडहुडी भरून ताप चढतो, आणि उकळूनही ते जात नाही. आमच्याकडे पूर्वी त्यासाठी सशांना टोचून त्यांचा ताप मोजायचे. शिवाय तो रिपोर्ट तुझ्याच कुपीचा कशावरून? खाली सही कुणाची? नाव नाही, नुसता लोगो.

या सहीपायी मी नोकरीत काय भोगलं ते तुझ्या आईला विचार. एका बॅचचे आकडे मला पटले नाहीत, मी सही केली नाही. साहेबांनी समजावलं, मग दटावलं, मग माझं टेबल स्टोअरमध्ये हलवलं. बढती माझ्या हाताखालच्याला मिळाली. दादरला घर घ्यायचं राहिलं ते राहिलंच, डोंबिवलीची लोकल सुटली नाही. अजून वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? तरीही सांगते, मी बरोबर होते. ती बॅच पुढे दुसऱ्याच्या सहीने गेली आणि कुणाला काही झालंही नसेल. त्याने माझं म्हणणं बदलत नाही.

असो, माझं पुराण पुरे. तू खेळाडू आहेस, हे तरी ध्यानात ठेव. २०२२ पासून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत बीपीसी-१५७ नावानिशी बंद आहे, स्पर्धा असो वा नसो. नाडाने, म्हणजे आपल्या देशातल्या तसल्याच संस्थेने, नमुना घेतला तर ‘दादाने दिलं’ म्हणून सुटका होत नाही. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. म्हणजे त्या बेनामी कुपीवर शेवटी सही कुणाची? तुझी.

आणि फायदा तरी काय सिद्ध झालाय? बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. माणसांवरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही छोटे. तुला घाई आहे हे कळतं रे, पण केईएमच्या अस्थिरोग ओपीडीत एक सकाळ रांगेत उभं राहायला तुला वेळ नाही आणि पोटात सुई खुपसायला आहे?

दादाकडे छापील बिल आणि परवाना क्रमांक माग. दिलाच तर फोटो पाठव, मी तपासते. नाही दिला तर ती कुपी रविवारी माझ्याकडे आणून दे. आईला मी काही बोलणार नाही.