शेतात सापडलेले नाण्यांचे मडके

प्रश्न : मी अनेक वर्षे जुनी नाणी जमवतो. अलीकडे एका परिचितांच्या शेतात खोदकाम करताना नाण्यांनी भरलेले लहान मडके निघाले. हिरवट थरामुळे नाणी एकमेकांना चिकटली आहेत. ती सुटी करून स्वच्छ करण्याची योग्य रीत कोणती? त्यांतील चांगली नाणी मी विकत घेऊ शकतो का? असे आणखी निधी शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र घ्यावे का?
— एक नाणेसंग्राहक

उत्तर : आपण काही करण्याआधी विचारलेत, याचा मला फार आनंद झाला. ही नाणी घासू नका आणि सुटीही करू नका. चिंच, लिंबू किंवा कोणतेही आम्ल वापरल्यास हिरव्या थराबरोबर नाण्यावरील अक्षरांची आधीच झिजलेली कडही निघून जाते, आणि ती पुन्हा आणता येत नाही. नाणी हिरवी दिसतात म्हणून ती तांब्याचीच असतील असेही समजू नये, कारण चांदीत मिसळलेले तांबे गंजून वर आले तरी असाच थर धरतो.

त्याहून मोठे कारण असे की, निधीतील नाणी एकत्र असतात तोवरच ती काही सांगू शकतात. सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून तो निधी कोणत्या काळाच्या आधी पुरलेला नसणार हे ठरते. नेमके तेच नाणे वेगळे विकले गेले, तर उरलेल्यांचा काळ चुकतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात वंशातील नहपान या क्षत्रपाची (शक राज्यकर्त्याची) तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात म्हटले आहे. त्या विधानाला या नाण्यांनी भक्कम आधार दिला. त्यांतली शंभर-दोनशे देखणी नाणी तेवढी संग्राहकांनी निवडून नेली असती, तर हे प्रमाण कोणाला कळले असते?

इंग्लंडमधील हॉक्सन येथे १९९२ मध्ये हरवलेला हातोडा शोधताना एका माणसाला रोमन काळातील निधी लागला. त्याने सर्व काही उकरून न काढता खबर दिली, म्हणून पुरातत्त्वज्ञांना वस्तू मुळातल्या जागी पाहता आल्या. त्या लाकडी पेटीत रचून ठेवल्या होत्या, हेही त्यामुळेच समजले. तेथील सुमारे पंधरा हजार नाण्यांपैकी चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या. त्या काळी नव्या नाण्यांची किती टंचाई होती, याची कल्पना त्यावरून येते.

विकत घेण्याविषयी स्पष्टच सांगतो : घेऊ नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी (म्हणजे पुरलेले धन) कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास कारावासाचीही तरतूद आहे. यंत्र घेण्याचा विचारही सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते, कारण यंत्र फक्त धातू दाखवते आणि तो काढण्याच्या घाईत भोवतालची माती, खापरे, कोळसा असा सारा पुरावा विस्कटून जातो.

आपल्या परिचितांना आजच लेखी कळवायला सांगा. तोवर मडके जिथे निघाले ती जागा खुणा करून ठेवा, खोली मोजून लिहा, छायाचित्रे घ्या आणि मडक्याची फुटकी खापरे व आतली मातीही फेकू देऊ नका.