दुधाच्या खाड्याची जागा

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात डिझाइन शिकते. सुट्टीला आली की घरातल्या प्रत्येक वस्तूला नाक मुरडते. परवा तर भिंतीवरचं कॅलेंडर ‘बघवत नाही’ म्हणून काढायला निघाली. मला कलेतलं ओ की ठो कळत नाही. गावात आर्ट गॅलरीही नाही. काय पाहू आणि कुठून सुरुवात करू?
— एक गृहिणी, कराड

उत्तर : ताई, आधी ते कॅलेंडर जागेवर लावा.

आता ओट्यापाशी उभ्या राहा आणि तिथूनच त्याच्याकडे बघा. चष्मा नसला तरी तारीख दिसते ना? रविवार लाल. तिथी बारीक, कारण ती जवळ जाऊनच बघायची असते. आणि आकड्याशेजारी जी थोडी मोकळी जागा राहते, तिथं तुम्ही दुधाचा खाडा मांडता, गॅस सिलिंडर कधी लावला ते लिहिता. कुणीतरी डोकं लावल्याशिवाय हे जमत नाही. चित्र भडक असेल, ते मुलीचं म्हणणं मान्य. पण डिझाइन म्हणजे नुसतं चित्र नव्हे, हे तिला कॉलेजात शिकवलं असेलच.

मी साताऱ्यात तीस वर्षं चित्रकला शिकवली. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की वर्गभर तेच : दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, चारच्या आकड्याचे पक्षी. वर्गाच्या खिडकीतून समोर अजिंक्यतारा दिसायचा. सपाट माथ्याचा. आपल्याकडचे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले, म्हणून बरेचसे वरून सुरीनं कापल्यासारखे दिसतात. एकदा एका पोरानं तसाच सपाट डोंगर काढला, तर मी लाल पेन्सिलीनं त्याला टोक काढून दिलं. खिडकीकडे पाठ करून! तो पोरगा आता कुठं असतो ठाऊक नाही. भेटला तर माफी मागायची आहे.

ताटाचंही बघा. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडचं चाखायचं, त्याकडे हात अधूनमधून जाणार. उजवीकडचं पोटभर खायचं, ते हाताशी हवं. आता लाल चटणी पांढऱ्या दह्यातल्या कोशिंबिरीला खेटून वाढा, मग बोटभर अंतर ठेवून वाढा. दोन्ही ताटं शेजारी ठेवून बघा. मी आणखी काही सांगायची गरज पडणार नाही. (भाकरी-खर्ड्याला मात्र हे नियम लावू नका. तिथं खर्डा भाकरीवरच शोभतो.)

सिनेमाचं म्हणाल, तर प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावा आणि पहिली दहा मिनिटं आवाज बंद ठेवा. अभंग ऐकू आले की डोळे मिटतात, म्हणून. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघंही कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. नटाच्या तोंडाकडे बघू नका, मागं बघा. उजेड कुठून येतोय, दार कुठं आहे, घरात भांडी किती आहेत. गरिबी संवादाआधी तिथं दिसते.

गॅलरीच हवी असेल तर खटाव तालुक्यातल्या औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते आणि स्वतः चित्रकारही. टेकडीवरचं भवानी वस्तुसंग्रहालय त्यांनी १९३८ साली उभं केलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. सगळी दालनं उरकायच्या नादी लागू नका. दोनच वस्तू निवडा, पण त्यांच्यासमोर बूड टेकून बसा. कराडहून सकाळी निघालात तर संध्याकाळी स्वयंपाकाला घरी.

मुलीला मात्र एक काम द्या. पुढच्या सुट्टीत दुधाचा हिशेब तिनं ठेवायचा, मोबाइलवर नाही, त्याच कॅलेंडरवर. महिन्यानं काय म्हणते, ते मला कळवा.